डांबर वेशीपर्यंत, पुढे चिखल

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरील खड्ड्यांच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निकाल दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर त्याच्या वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाला तर दुखापतीप्रमाणे पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असे न्यायालयाने सांगितले. याची सुरुवात २०१३ साली झाली. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच मुख्य न्यायमूर्तींना मुंबईच्या खड्ड्यांबद्दल पत्र लिहिले आणि त्या पत्राची जनहित याचिका झाली. २० मे २०१५ च्या आदेशात न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले की सुस्थितीतला रस्ता हा संविधानाच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

वर्तमानपत्रांनी या निकालाच्या बातम्या मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पानांवर छापल्या. ते साहजिकच आहे. पण कलम २१ ला महापालिकेची हद्द नसते. जो हक्क अंधेरीच्या माणसाला आहे तोच धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या माणसाला आहे, आणि बेंबळीच्या वेशीबाहेर राहणाऱ्या माणसालाही आहे. म्हणून आज आपण डांबराविषयी बोलणार आहोत. वाचकांना वाटेल, वकील माणूस डांबरावर काय लिहितो? पण ज्या वस्तूच्या नावावर दरवर्षी कोट्यवधींची देयके निघतात, ती वस्तू आपल्याला कळत नसेल तर तिचा हिशेबही मागता येत नाही.

बेंबळी हे धाराशिवपासून वीस-बावीस किलोमीटरवरचे मोठे गाव. पोलीस ठाणे इथे आहे. रुईभर, कनगरा, केशेगाव, पाडोळी या पट्ट्यातल्या माणसांना फिर्याद द्यायची तरी बेंबळीला यावे लागते. जमीन काळी, कसदार. सोयाबीन, ज्वारी आणि पाणी असेल तिथे ऊस. केशेगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. या दोन गोष्टी, काळी माती आणि उसाची वाहने, लक्षात ठेवा. या पट्ट्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्याचे भवितव्य त्यांच्यात आहे. तिसरी गोष्ट गुत्तेदार. त्याच्याकडे नंतर येऊ.

मुळात डांबर म्हणजे काय? रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा, चिकट गाळ उरतो, त्याला बिटुमेन म्हणतात. आपण त्याला डांबर म्हणतो. खरे तर डांबर हा शब्द आधी दगडी कोळशापासून निघणाऱ्या काळ्या द्रवाचा. तो आता रस्त्यावर वापरत नाहीत, पण नाव चिकटले ते चिकटलेच. देशात वर्षाला सुमारे ऐंशी ते नव्वद लाख टन बिटुमेन लागते. आपल्याकडे मुंबईच्या रिफायनऱ्यांतून ते टँकरने येते, शिवाय आयात केलेलेही मोठ्या प्रमाणावर विकले जाते.

या डांबराविषयी एक गैरसमज पक्का आहे की डांबराने रस्ता मजबूत होतो. तसे नाही. वाहनाचे वजन पेलते ती खाली दाबलेली खडी आणि मुरूम. खेड्यातल्या रस्त्यावर वरचा डांबरी थर, ज्याला आपण कार्पेट म्हणतो, तो असतो फक्त वीस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढाही नाही. त्याचे काम दोनच. खडीला खडी धरून ठेवणे आणि पाणी खाली जाऊ न देणे. म्हणून त्या कार्पेटवर पुन्हा सिलकोट मारतात, उरलेली छिद्रे बुजावीत म्हणून. पाणी आत शिरले की रस्ता संपला. खड्डा हा वरून पडतो असे दिसते, पण तो खालून तयार होतो.

आता आपली काळी माती बघा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेतात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो, तीच माती रस्त्याखाली असते. अशा जमिनीवर रस्ता करायचा तर माती काढून चांगल्या मुरूमाचा जाड थर द्यावा लागतो, दोन्ही बाजूंना नाल्या काढाव्या लागतात, ओढ्याच्या जागी नळकांडी पूल टाकावे लागतात. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. उद्घाटनाच्या फोटोत मुरूमाचा थर येत नाही, काळेभोर कार्पेट येते. त्यामुळे मुरूमात बचत होते आणि नाली 'पुढच्या टप्प्यात' जाते. शेजारच्या शेताचे पाणी साईडपट्टीवर तुंबते, पट्टी मऊ होते आणि कडेकडेने रस्ता बिस्किटासारखा तुटत मधोमध येतो. दोष मात्र पावसाला. जणू पाऊस यंदाच पहिल्यांदा पडला!

त्यावर उसाची वाहने. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवले आणि मोजमाप केले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात. चाकाच्या आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे मोटारसायकलीने, एसटीने रस्ता मोडत नाही, मोडतो तो क्षमतेबाहेर भरलेल्या वाहनाने. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि खचाखच भरलेले ट्रक हंगामभर ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता कुठल्या वाहतुकीसाठी आखला होता, हे अंदाजपत्रकात लिहिलेले असते. ते वाचायला मागा. ग्रामीण मार्ग म्हणून आखलेल्या रस्त्यावर कारखान्याची वाहतूक घालायची आणि मग रस्ता टिकत नाही म्हणायचे, हा खेळ राज्यभर चालतो. इथे ऊसतोड कामगाराला बोल लावण्यात अर्थ नाही. गाडी किती भरायची हे तो ठरवत नाही, आणि उलटलेल्या ट्रॉलीखाली सापडणाऱ्यांत तोच असतो.

डांबराचा स्वतःचा दर्जाही सांगितला पाहिजे. पूर्वी ६०/७०, ८०/१०० असे आकडे असत. पंचवीस अंश तापमानाला शंभर ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत डांबरात किती शिरते, त्याचे ते माप. ६०/७० म्हणजे सहा ते सात मिलिमीटर. २००६ पासून भारतीय मानकात ही पद्धत बदलून व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० अशी प्रतवारी आली. ती साठ अंशांना डांबर किती घट्ट राहते त्यावरून ठरते, कारण आपल्या उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग तेवढा तापतो. मऊ प्रतीचे डांबर स्वस्त पडले म्हणून वापरले तर मे महिन्यात ते चपलेला चिकटते.

याहून मोठा प्रश्न तापवण्याचा. व्हीजी-३० चे डांबर दीडशे ते एकशे पासष्ट अंशांना खडीत मिसळावे, एकशे चाळीसच्या खाली न येऊ देता अंथरावे आणि नव्वद अंशांच्या आत येण्यापूर्वी रोलर फिरवून मोकळे व्हावे, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाची मानके सांगतात. जास्त तापवले तर डांबर जळते, त्यातले तेल उडून जाते आणि ते ठिसूळ होते. कमी तापवले तर खडीला धरत नाही. पाऊस चालू असताना, पाणी साचलेले असताना काम करू नये, हेही त्याच मानकांत आहे. आपल्याकडे मार्चअखेरीस निधी संपवायचा म्हणून आणि जूनमध्ये पावसाच्या आधी उरकायचे म्हणून रात्री दिवे लावून काम चालते. थर्मामीटर किती कामांवर असतो, हे वाचकांनी आपल्या गावात काम चालू असताना जाऊन पाहावे. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड डांबराला चांगला धरतो, निसर्गाने तेवढी मेहेरबानी केली आहे. अट एवढीच की खडी कोरडी आणि धूळमुक्त हवी. धुळीने माखलेल्या खडीवर डांबर ओतले की ते धुळीला चिकटते, दगडाला नाही. मग सहा महिन्यांत खडी सुटी होऊन रस्त्याच्या कडेला ढीग लागतात.

आता हिशेब करू. तो कोणालाही करता येईल असा आहे. मानकांप्रमाणे वीस मिलिमीटरच्या कार्पेटला दहा चौरस मीटरमागे १४.६ किलो डांबर लागते. वरच्या वाळूमिश्रित सिलकोटला आणखी ६.८ किलो. पावणेचार मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे ३,७५० चौरस मीटर. कार्पेटला ५,४७५ किलो, सिलकोटला २,५५० किलो. एकूण आठ टनांपेक्षा थोडे जास्त. खाली मारायचा टॅककोट वेगळा. आता गुत्तेदाराने कार्पेटमध्ये १४.६ ऐवजी ११ किलो घातले, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, काळे ते काळेच. पण किलोमीटरमागे १,३५० किलो डांबर वाचते. टनाला पन्नास हजार रुपये भाव धरला तर साडेसदुसष्ट हजार रुपये. दहा किलोमीटरचे काम असेल तर पावणेसात लाख. ही फक्त एका थरातली, फक्त डांबरातली बचत. मुरूम, खडी, दबाई वेगळी.

ही चोरी पकडण्यासाठीच शासनाने चलनाची अट घातली आहे. गुत्तेदाराने रिफायनरीतून डांबर घेतल्याचे मूळ चलन जोडल्याशिवाय देयक काढायचे नाही. अट चांगली आहे. पण एकाच चलनाच्या झेरॉक्स तीन कामांना जोडल्या, किंवा चलन एका तालुक्याचे आणि काम दुसऱ्या तालुक्याचे, तर कोण बघतो? वाहनाचा क्रमांक, तारीख, टनेज आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर घोटाळा दहा मिनिटांत उघडा पडतो. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. दहावी पास झालेले आपले पोर ते करू शकते.

ही कल्पनेतली भीती नाही. बिहारमध्ये १९९० च्या दशकात सरकारी रस्त्यांसाठी उचललेले डांबर कागदावर पोहोचले आणि प्रत्यक्षात पोहोचलेच नाही. तिथे त्याला अलकतरा घोटाळा म्हणतात. त्यातल्या एका प्रकरणात रांचीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०१८ साली माजी रस्ते बांधकाम मंत्री इलियास हुसेन यांना दोषी ठरवून शिक्षा दिली आणि त्यांची आमदारकी गेली. म्हणजे चोरीनंतर सुमारे पाव शतकाने. या काळात त्या रस्त्यांवरून बैलगाडीत, खाटेवर किती रुग्ण नेले गेले असतील, त्याची नोंद कुठल्याही आरोपपत्रात नसते.

मुंबईत तरी काय वेगळे झाले? २०१६ मध्ये महापालिकेने चौतीस रस्त्यांची चौकशी केली आणि शेवटी आपल्याच कंत्राटदारांविरुद्ध आझाद मैदान पोलिसांत गुन्हा दाखल करावा लागला. फरक एवढाच की तिथे वर्तमानपत्रे आहेत, कॅमेरे आहेत, उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे. बेंबळी पट्ट्यातल्या माणसाला खंडपीठ गाठायचे तर छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागतो. वकिलाची फी, एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे हे सगळे त्या हक्काच्या किमतीत धरले पाहिजे.

रस्त्याच्या चर्चेत एक माणूस कायम गैरहजर असतो. तो म्हणजे रस्ता करणारा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी कोणी फोडली? रोजगार हमीच्या कामांवर डोक्यावर पदर घेऊन, मांडीशी लेकरू घेऊन हातोडीने दगड फोडणाऱ्या आपल्याच आया-मावश्या होत्या, वडार समाजाची माणसे होती, भूमिहीन होते. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी रस्ते आधी त्यांच्या हाताने खडीचे झाले, मग डांबरी झाले. पण डांबर आले तेव्हा मजूर बाजूला गेला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कंत्राटदाराला बंदी होती आणि मजुरी-साहित्य खर्चाचे प्रमाण साठ-चाळीस ठेवले होते. साहित्यावरच जास्त पैसा लागणारे डांबरी काम त्यात बसत नव्हते. म्हणून माती, मुरूम मजुराचे आणि डांबर गुत्तेदाराचे, अशी वाटणी झाली. जिथे पैसा आहे ते काम वेगळे, जिथे घाम आहे ते वेगळे.

आजही खेड्यातल्या डांबरी कामावर मजूर असतातच. मिनी हॉटमिक्स प्लांटशेजारी उभे राहून घमेल्याने गरम मिश्रण वाहणारे, पायाला गोणपाट गुंडाळून चालणारे. दीडशे अंशांच्या मालाच्या धुरात ते दिवसभर असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली तज्ज्ञांना बसवून याचा अभ्यास केला आणि रस्त्याच्या कामातल्या बिटुमेनचा धूर माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्या गटात टाकला. शक्यता आहे, खात्री नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण डोळ्यांची आग, खोकला, भाजणे हे सांगायला कुठल्याही संस्थेची गरज नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला, त्यात रस्त्याचे कामही बांधकामच आहे. त्या उपकरातून जमलेल्या पैशांवर महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ उभे राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितांत सामावला गेला. डांबरावर काम करणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांची मंडळात नोंद आहे? नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला गुत्तेदार देत नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून अपघात झाला तर तो कामावर होता याचाच पुरावा नाही. माझ्याकडे आलेल्या अशाच एका भाजलेल्या मजुराच्या प्रकरणात हजेरीपटावर त्याचे नावच नव्हते. साक्ष द्यायला सोबतचे मजूर होते, पण हंगाम संपताच ते दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेले होते.

आता येऊ वेशीवर. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. योजना चांगली होती, पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावर टाकणे हे तर फारच चांगले. पण तिच्या मार्गदर्शक सूचनांतली एक व्याख्या आपल्या लोकांनी वाचली पाहिजे. 'न जोडलेली वस्ती' कोणती? जी बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून किमान पाचशे मीटर दूर आहे ती. शिवाय पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. सूचना लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण भारतातल्या खेड्याचा नकाशा त्यांनी पाहिला नसावा. आपली वस्ती गावापासून किती दूर असते? पाचशे मीटर कधीच नाही. ती दोनशे, तीनशे मीटरवर असते, राबण्यासाठी हाक ऐकू यावी इतकी जवळ आणि सावली पडू नये इतकी लांब. जातिव्यवस्थेने ठरवलेले अंतर सरकारी फूटपट्टीत बरोबर 'जोडलेले' म्हणून बसते. गावाला डांबरी रस्ता आला की कागदावर आपली वस्तीही जोडली गेली. मधले तीनशे मीटर कुणाचेच नाहीत.

त्या तीनशे मीटरसाठी मग दुसरी योजना दाखवतात. पूर्वीची दलित वस्ती सुधार योजना, म्हणजेच अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना. तिच्यात वस्तीच्या आतला सिमेंटचा रस्ता होतो, समाजमंदिर होते, दिवे होतात. पण वस्तीच्या आतला रस्ता आणि वस्तीकडे जाणारा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत सिमेंट, बाहेर डांबर आणि मध्ये गुडघाभर काळा चिखल, असे चित्र मराठवाड्यात मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, जागा खाजगी आहे, बांध अमक्याचा आहे, मोजणी व्हायची आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याचे आपण स्वागतच केले. पाटीवर समतानगर आले, पण पाटीपर्यंत पोहोचायला रस्ताही हवा ना!

वाचकहो, संविधानाचे कलम १५ पुन्हा एकदा काढून वाचा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे. शासनाच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या रस्त्याच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणावरही निर्बंध चालणार नाही. हा शब्द तिथे सहज आलेला नाही. १९२४-२५ मध्ये त्रावणकोरातल्या वैकोमला वीस महिने सत्याग्रह झाला, तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनेही रस्ता किंवा वाट वापरण्यास अडथळा आणणे हा गुन्हा स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे, तो कलम ३(१)(झेडए) मध्ये. म्हणजे वस्तीची वाट काट्या टाकून बंद केली तर तो दोन शेजाऱ्यांतला बांधाचा वाद नाही. शेताच्या वाटेपुरते बोलायचे तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपले लोक आधी गावात बैठका घेतात, मग पुढाऱ्याकडे जातात, मग वकिलाकडे येतात, तेव्हा सातवा महिना लागलेला असतो.

रस्ता मागणे हा हक्क आहे की मेहेरबानी, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८६ मध्ये दिले आहे. 'हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध उमेद राम शर्मा' असे त्या निकालाचे नाव. सिमला जिल्ह्यातल्या दुर्गम खेड्यांतले गरीब रहिवासी, त्यांतले बहुसंख्य अनुसूचित जातींचे. त्यांनी अर्धवट सोडलेल्या रस्त्याबद्दल उच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. वकील नाही, मुद्रांक नाही. त्या पत्रावर उच्च न्यायालयाने आदेश दिले, राज्य सरकार अपिलात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डोंगरातल्या माणसाला रस्ता म्हणजे जगण्याचा मार्गच, कलम २१ आणि कलम १९(१)(ड) मध्ये तो येतो. राज्याच्या साधनांची मर्यादा न्यायालयाने नाकारली नाही, तेही सांगितले पाहिजे. पण आज कायद्याच्या पुस्तकात 'रस्त्याचा हक्क' म्हणून जे शिकवतात, त्याची पहिली ओळ अनुसूचित जातींच्या खेडुतांच्या पत्राने लिहिली गेली. मुंबईच्या खड्ड्यांचा निकाल त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी आला.

सध्याची संधीही लक्षात घ्या. ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. २०२४ ते २०२९ या पाच वर्षांत न जोडलेल्या पंचवीस हजार वस्त्यांना ६२,५०० किलोमीटर रस्ते द्यायचे आहेत. सपाट भागात पाचशे लोकसंख्येची अट आहे, पण आकांक्षित जिल्ह्यांसाठी ती अडीचशे आहे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, २०१८ पासून निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. मागासलेपणाचा शिक्का मिळालाच आहे तर त्याचा उपयोग तरी करून घ्या. गावापासून पाचशे मीटरच्या बाहेर असलेला तांडा, वाडी, पारधी बेडा, आपली वस्ती, जिथे अडीचशे माणसे आहेत, तिचे नाव यादीत आले का, हे आजच तपासले पाहिजे. पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांसाठी मात्र व्याख्याच बदलून घ्यावी लागेल, आणि ती लढाई ग्रामपंचायतीत नव्हे, संसदेत आणि न्यायालयात लढावी लागेल.

अधूनमधून नव्या साहित्याच्या बातम्या येतात. प्लास्टिकचा कचरा मिसळलेले डांबर, पिकांच्या अवशेषांपासून केलेले जैव-बिटुमेन. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर-मनसर बायपासवर अशा जैव-बिटुमेनच्या एक किलोमीटर तुकड्याचे उद्घाटन झाले. गरम न करता वापरायचे कोल्डमिक्सही आहे, ज्यात धूर जवळजवळ नाही. मजुराच्या दृष्टीने खेड्यातल्या कामांवर तेच आधी आले पाहिजे. संशोधकांच्या कामाबद्दल आदर आहे. पण चलन तेच, मोजमाप पुस्तिका तीच आणि नाली नसेल, तर ऊस गाळून केलेले डांबरही पहिल्या पावसात वाहून जाईल.

माहिती अधिकार अधिनियम २००५ आपण सगळेच वापरतो, पण त्याचे कलम २(ञ), म्हणजे इंग्रजी प्रतीतले २(जे), फारसे कोणी वापरत नाही. माहितीच्या हक्कात फक्त कागदाच्या प्रती येत नाहीत. कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्याच कलमात आहे. म्हणजे बेंबळीच्या नागरिकाला अर्ज करून सांगता येते की अमुक रस्त्याच्या अमुक मीटरवरचा कार्पेटचा नमुना माझ्यासमोर काढा, सीलबंद करा, प्रमाणित करून द्या. तो शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिला तर त्यातले डांबर विरघळवून वजन करून देतात. शंभर किलो मिश्रणात साधारण साडेतीन किलो डांबर निघायला हवे. दोन-अडीच निघाले तर वरचा सगळा हिशेब सिद्ध झाला.

अर्ज कुठे करायचा ते रस्त्याच्या वर्गावर अवलंबून. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामसडक योजनेचे रस्ते त्या योजनेच्या कार्यकारी अभियंत्याकडे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून एका रस्त्याला एक अर्ज. मागायचे काय? मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, डांबराची सर्व मूळ चलने वाहन क्रमांकासह, गुणनियंत्रण प्रयोगशाळेचे अहवाल, दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख. ही शेवटची तारीख सर्वांत मोलाची, कारण तिच्या आत पडलेला खड्डा गुत्तेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो आणि त्याची अनामत शासनाकडे असते. नमुना मागायचा अर्ज वेगळा करा. दोन्हींवर दहा-दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, आणि तीस दिवसांनंतरची तारीख डायरीत लिहून ठेवा, कारण पहिल्या अपिलाची मुदत त्या तारखेपासून मोजायची आहे.